कोबीची पानं

संध्याकाळी झेनोबिया मोजे उतरवते
तेव्हा घोट्यावर इलॅस्टिकचा वळ असतो,
सुतळीनं आवळून ठेवल्यासारखा.
मी अंगठ्यानं दाबून पाहतो.
खळगा पडतो. भरायला वेळ घेतो.

एकतीस वर्षं ग्दिनियाच्या कारखान्यात
ओल्या फरशीवर उभी राहून
हेरिंग भरत होती डब्यांत.
आता बसून आहे, तर पाय सुजतात.
"उशिरा आठवलं मेल्यांना," म्हणते.

मिठाचं पाणी झालं. पाय उशीवर झाले.
डॉक्टरीणबाईंच्या गोळीनं रात्रीत चारदा उठवलं.
काल यादविगा जिन्यात म्हणाली: कोबी.
म्हणून मी, जन्मात लाटणं न धरलेला,
कोबीची पानं लाटत बसलो
शिरा मोडेपर्यंत.
गार पान लागताच ती दचकली,
मग हसली, "आता खिमा-भात भर
आणि गुंडाळ मला."

उतरली का सूज? कोण जाणे.
सकाळी तिचे बूट काही चढेनात.
माझेच घालून पाव आणायला गेली,
नाड्या न बांधता, फटक फटक.

मी खिडकीशी,
तिच्या सपातांत, टाचा बाहेर,
ती कोपऱ्यावर वळेपर्यंत.