किनारीवरची धूळ

नुत्सा, टेप गळ्यात घालून मिरवू नकोस.
गिऱ्हाईक दारात आलं की आधी पाय बघ,
मग बसायला सांग, मग विचार
कुठला नाच.
रंग आपणहून सांगतील. सगळे रंगापासूनच सुरू करतात.

बॅलेच्या पोरी येतात आईबरोबर.
बोलते आई; पोर चवड्यांवर उभी राहून छत बघते.
तिच्या बुटाची टाच आत दुमडायची,
घडी पडते तिथेच इलॅस्टिकचा टाका.
मागे गेला तर बूट निसटतो,
पुढे आला तर काचतो, आणि पोर सांगत नाही.

बॉलरूमवाली खडे मोजून घेते.
एकदा मी पाठीवरही लावले, चारशे बारा,
रात्रभर, हीटर बंद, त्बिलिसीची जानेवारी.
सोमवारी तिचा जोडीदार आला. तळहात पुढे केला,
जणू मांजराला आंघोळ घालून आलाय.
तेव्हापासून विचारते, हात कुठे ठेवणार?
तेवढी जागा मऊ सोडायची, रिकामी.

आपल्या कार्तुलीत बरोब्बर उलटं.
हात सोड, त्याच्या चोख्याचा घेरसुद्धा
तिच्या झग्याला लागता कामा नये.
म्हणून दोघांचे घेर मी एकत्रच बेतते,
मधलं अंतर धरून. तेही कापडच समज,
फक्त त्याचे पैसे घेता येत नाहीत.

(चोख्याच्या छातीवर काडतुसांच्या नळ्या असतात ना,
म्हाताऱ्या नुगझारच्या दोन मी खरोखर पोकळ ठेवल्यात.
हृदयाच्या गोळ्या मावतात. बायकोला माहीत नाही.)

झग्याचं माप जमिनीवरून घ्यायचं.
एक बोट वर. दोन बोटं झाली की पाऊल दिसतं,
आणि पाऊल दिसलं की बाई चालते.
न दिसलं तर सरकते,
तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब सरकतो तशी.

हेच ऐकून मझेविनार आली होती,
दिदुबेच्या बाजारात अक्रोड विकते ती.
चव्वेचाळीस वर्षांची. डावा पाय दोन बोटं आखूड,
डाव्या बुटाला विटेएवढा तळ.
म्हणाली, भाचीचं लग्न आहे,
तुमच्या झग्याखाली काही दिसत नाही म्हणे.
दिसत नाही, मी म्हटलं.
बूट घालून उभी केली, तोंडात टाचण्या धरून
गुडघ्यांवर तिच्याभोवती फिरले. चहूकडून एक बोट.
निळा घेतला तिने. मी हिरवा म्हणत होते.

लग्नाला गेले नाही.
शिलाई बाकी असली की माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

पंधरा दिवसांनी झगा परत आला,
अक्रोडांच्या पिशवीत, घडी करून, पैशांसकट.
वाईनचा डाग आहे, तो जाईल.
पण किनार बघ. इथे, खिडकीपाशी धर.
उजवीकडे कोरी, मी दिली तशी.
मग धुळीची रेघ लागते, डावीकडे जाड होत जाते,
मग टाके उसवलेले,
मग दोऱ्यांची नुसती पिसं.
एवढं घासायला डावी बाजू खाली यावी लागते,
बराच वेळ, म्हणजे एका नाचापुरती नाही,
आणि ती खाली यायची रीत एकच.

मी काही विचारलं नाही.
तूही विचारू नकोस.
ती बघ, पडद्यापलीकडे बसलीय,
बूट काढतेय. दोन्ही.
यावेळी माप तसंच घ्यायचं.
टेबलावर किनार वाकडी दिसेल,
तुझी कातर अडेल, म्हणशील, बाई, चुकलं.
काप.

पांढरा खडू दे.
आणि ते दार लावून घे आधी,
फरशी गार आहे.