मागचा बाक

पत्रात दोनच ओळी होत्या :
इल्झेला धर्माच्या तासाला बसवू नये.
रॉसकॉमनची ही शाळा दोन खोल्यांची,
दोन्ही भरलेल्या. बसवू कुठं?
बाक मागं नेला, हीटरपाशी,
भिंतीकडं तोंड करून,
आणि दिली रंगखडूंची पेटी.

बाकीच्यांची मे महिन्याची तयारी :
पांढरे झगे, पहिला प्रसाद,
आणि त्याआधी पापांची कबुली,
ज्यांचं पाप फार तर
शेजाऱ्याच्या खोडरबराएवढं.
रोज तेच शब्द, घोकून गुळगुळीत.
मागून खडू घासल्याचा आवाज.

फादर गिलहूली परीक्षेला आले.
फिएक्रा उभा राहिला,
अर्ध्या प्रार्थनेत अडकला,
कान लाल, नजर बुटांवर.
मी ओठ हलवून पाहिले. तो बघेना.

तेवढ्यात मागून, भिंतीकडूनच,
पुढची ओळ आली. मग त्याच्या पुढची.
मान वळली नाही,
हिरवा खडूही थांबला नाही.

फादर हसले, पोरं हसली.
मला काही हसू येईना.

चित्र घोड्याचं होतं. चांगलं होतं.
ते समोर ठेवून रात्री
तिच्या आईबापांना उत्तर लिहायला बसले.
‘आपल्या इच्छेप्रमाणे’
इथवर लिहून झालंय.