खोटा हिरवा

परळ, तळमजला, सीटीची खोली.
टेबलावर हसुराम भोईरांचा डावा पाय,
अंगठ्याशी सुजलेला, चादरही न सोसणारा.
दोनदा सुई घालून झाली, पाणी आलं नाही.
कुणी म्हणालं मुरगळलाय, कुणी पू, कुणी वय.

दोन ताकदींचे किरण एकाच पायातून जातात.
हाड एकाला एक सांगतं, दुसऱ्याला दुसरं.
युरिक आम्लाचा खडा दोघांनाही जवळजवळ तेच.
त्यावरून तो ओळखायचा, मग यंत्र त्याला हिरवं रंगवतं.
पायात हिरवं काही नसतं. रंग आमचा.

पडद्यावर पाऊल उमटलं, निळ्या हाडांचं,
आणि हिरवं दोन ठिकाणी.
टाचेवरचं मी पुसलं, ते खोटं:
जाड कातडी यंत्राला फसवते,
आणि ही टाच चाळीस वर्षं भांडुपच्या मिठागरात
अनवाणी फिरलेली.
अंगठ्याच्या सांध्यातलं राहिलं.
ज्वारीच्या दाण्याएवढं.

काचेपलीकडे बसवून त्यांना दाखवलं.
बराच वेळ बघत राहिले.
"पिकलंय."
काय?
"मीठ गो. पानी आटलं का कडेला पयलं असंच धरतं."
मीठ नव्हे काका, गाउट. गोळीनं विरघळतं, हळूहळू.
"हलूहलू म्हंजे?"
वर्ष. दोन वर्षं. आणि पाणी भरपूर प्यायचं.
तेव्हा ते हसले, पाय विसरून:
"आगरान आमी पानी आटवाचो,
तुमी प्यावाला सांगता."

अहवालात मी अंगठा लिहिला, बाजू, आकार.
टाचेसाठी तिथे रकाना नाही.