बाणाचं दुसरं टोक

कळमन्याच्या संत्रा यार्डात, नोव्हेंबरात, पहाटे साडेपाचला
रिकाम्या क्रेटच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवून
मी तिसऱ्यांदा तोच व्यवहार काढत होते.
मिहानमधल्या काचेच्या इमारतीतून साहेबांचा निरोप होता:
आकृत्यांची एकच पद्धत ठरव. सगळ्यांना एकच भाषा.

पहिली सोपी. चौकोन म्हणजे काम,
शंकरपाळं म्हणजे प्रश्न,
आणि शंकरपाळ्यातून वाटा दोनच: हो, नाही.
‘भाव पटला?’ असं त्यात लिहून
अडत्या केशवलाल निपान्यांना दाखवलं.
त्यांनी पान गालात सरकवलं. म्हणाले, “पाहू.”
‘पाहू’साठी त्या पद्धतीत चिन्ह नाही.
मी एक बाण वळवून पुन्हा प्रश्नाकडेच नेला,
कोल्हूच्या बैलासारखा.

दुसरीत प्रश्नच नसतात. वेळही नसते.
वर्तुळं असतात, आणि त्यांच्यामधून वाहणारी माहिती:
वजन, गाडी नंबर, काटोल की वरुड.
दोन समांतर रेघा म्हणजे साठा,
इथे ती लाल कापडातली चोपडी
जी निपाने उशाशी घेऊन झोपतात.
आधी काय, नंतर काय, ते या चित्राला विचारू नये.
कोणाकडून कोणाला काय कळलं, तेवढंच ते सांगतं.
माझ्या आईलाही जग असंच दिसतं,
म्हणून असेल, मला आवडलं.
पण मग एका रुमालाखाली दोन हात गेले,
बोटं बोटांशी काही बोलली,
आणि त्या बाणावर काय लिहावं ते मला सुचेना.
“ते बंद झालं आता,” निपाने म्हणाले, रुमालाची घडी करत.

तिसरीत पट्टे, पोहण्याच्या तलावासारखे.
शेतकरी, अडत्या, मापारी, हमाल, व्यापारी,
ज्याचं काम त्याच्या पट्ट्यात.
चंद्रकलाबाई मेश्राम कोणत्या पट्ट्यात?
त्या माल निवडतात: मोठा, मध्यम, चुरी.
मजुरी हमालांच्या हिशेबातून, हुकूम अडत्याचा,
आणि मापाऱ्याचा काटा अडकला
की त्याला थापट मारणाऱ्याही त्याच.
मी त्यांना दोन पट्ट्यांमधल्या रेघेवर बसवलं.
सॉफ्टवेअरने लाल फुली दिली.

निर्णयाचा तक्ता राहिला होता.
आकार मोठा, रंग पिकला, साल सैल, देठ हिरवा.
चार अटी, सोळा रकाने.
मी एकेक मोठ्याने वाचत गेले, बाई निवडत गेल्या,
नवव्या रकान्यापाशी पोचले
तोवर त्यांचा ढीग संपला होता.
“कसं ठरवता?”
“हाताले समजते.”

मग पदराला बोटं पुसून त्या स्क्रीनपाशी आल्या
आणि शेवटच्या जाड वर्तुळावर नख टेकवलं.
“हे संत्र होय?”
नाही, ती समाप्ती. इथे सगळं संपतं.
“आन सडका माल कुठी गेला वं पोरी?”

चार चित्रं. एकातही नव्हता.

त्या मला शेडमागे घेऊन गेल्या.
थंडीत ढिगावरून वाफ निघत होती.
तीन शेळ्या, आणि कानाला मफलर बांधलेला एक म्हातारा,
साली वेगळ्या काढून पिशवीत भरणारा.
वाळवून इतवारीत देतो, म्हणाला, एकाला.
त्याच्याकडे पावती नव्हती, पट्टा नव्हता,
पण भाव विचारल्यावर
त्याने एका क्षणात सांगितला.

साहेबांना पट्ट्यांचं चित्र पाठवलं.
त्यात समाप्तीच्या थोडं अलीकडून
एक बाण कागदाच्या कडेपर्यंत नेऊन सोडला होता.
दुपारी फोन आला.
“हा बाण कुठेच जोडलेला नाही. जोडशील?”
बोटांना अजून सालीचा कडवट वास होता.
“पाहू,” मी म्हणाले.