पिवळा अंगठा

दर दुसऱ्या गुरुवारी, साडेचारला,
सावळजच्या अलीकडं, वजनकाट्यापाशी
गाडी थांबते.
दस्तगीर मुलाणी हॉर्न दोनदा वाजवतात.
एकदा आमच्यासाठी,
एकदा शेडच्या मालकाला कळावं म्हणून
की आता अर्धा तास बायका सापडायच्या नाहीत.

आम्ही बेदाणा निवडतो. हिरवा इकडं, काळपट तिकडं,
काडी वेगळी.
संध्याकाळपर्यंत बोटं अशी होतात
की एकमेकांना सोडत नाहीत.
म्हणून आधी टाकीवर. राख, मग साबण, मग पदर.
तरी कोष्टीबाई पायरीवर उभ्याच,
"हात बघू."
चाळिशी ओलांडलेल्या आम्ही सातजणी
उलटे सुलटे हात पुढं करतो.
शेवंता चौगुलेला एकदा परत पाठवलं टाकीवर.
ती अजून सांगते, लाजत नाही, मिरवते.

आत डिझेल, खळ, डांबरगोळ्या,
आणि उभं राहायला जागा दोघींना.
तिसरी चढली की मी खाली बसते,
अगदी फरशीलगतच्या कप्प्यापाशी.
दिवसभर काळं बाजूला काढणारी मी
पांढऱ्यावरचं काळं हुडकत बसते.
गुडघे दुखतात. दुखू देत.

तो अंगठा पहिल्यांदा दिसला बाराव्या पानावर,
खालच्या कोपऱ्यात. पिवळा. हळदीचा.
मग चोवीसवर. मग एकतीसवर.
मागच्या चिठ्ठीवर तारीख, आणि कार्ड नंबर एकशे बारा.
"ह्या कोण हो?"
"सांगता येत नाही," कोष्टीबाई म्हणाल्या. "नियम आहे."
मुलाणी आरशात बघून म्हणाले,
"नदीकाठचं गिऱ्हाईक आहे."

तेव्हापासून मी पुस्तकाचं नाव बघत नाही.
चिठ्ठी बघते. एकशे बारा असेल तर घेते.
तिच्या मागनं मी जहाजावर गेले,
दोन खुनांच्या चौकशीत बसले,
मधमाश्यांवरचं एक जाडजूड वाचलं,
आणि शेडमध्ये आठवडाभर सगळ्यांना राणीमाशीचं सांगून बेजार केलं.
ती (मी ती म्हणते; तो असला तर असू दे)
खुनाच्या गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचते.
तिथला ठसा सगळ्यांत गडद.
रडायची जागा आली की पान भराभर उलटते,
ठसा नुसता ओझरता.

एकदा ती एकसष्टाव्या पानावर थांबली.
पुढं सगळं स्वच्छ.
मला घोर लागला. आजारी पडली? कुणी गेलं घरात?
दिवा लावून रात्रीत पुस्तक संपवलं,
तेव्हा कळलं.
पुस्तकच रटाळ होतं.
इतकी हसले की पोरगं उठून बसलं.

काट्यावरचा बाबगोंडा
गाडी येताना तोलतो, जाताना तोलतो, फुकट.
"वीस किलो कमी भरली की ओ!
वीस किलो वाचाय ठेवून चाललाय!"
आणि आम्ही आपापल्या पिशव्या चाचपतो,
जणू त्यानं चोरी पकडली.

मागल्या खेपेला मात्र मी एक घेतलं, चिठ्ठी कोरी असलेलं.
एकशे बारा त्यात नव्हती. कुणीच नव्हतं.
एकटीनं वाचताना आधी चुकल्यासारखं झालं,
अंधारात पायरी शोधावी तसं.
अठ्ठ्याहत्तराव्या पानावर गोष्ट एकदम उचल खाते.
तिथं मी थांबले.
डब्यातला एक बेदाणा अंगठ्यानं चुरडला,
आणि कोपऱ्यावर अंगठा टेकवला.
दिसत नाही काही.
बोट फिरवलं तर कागद किंचित धरून ठेवतो.

आज परत दिलं.
कोष्टीबाईंनी पानं चाळली, एका जागी त्यांचं बोट अडलं.
माझ्याकडं बघितलं.
आता दंड, म्हटलं मनात.
त्यांनी शिक्का मारला, पुस्तक फळीवर लावलं,
वरच्या, डोळ्यासमोरच्या फळीवर,
आणि कुणी न विचारता म्हणाल्या,
"अंकलखोपला आम्ही सोमवारी असतो."