पट एकेचाळीस, हजर छत्तीस

कोपरखैरण्याच्या मनपा शाळेत, तिसरी 'ब'च्या वर्गात
शनिवारी संध्याकाळी आम्ही बसतो.
बाक लहान, गुडघे वर येतात,
कुणीतरी कर्कटकानं कोरलेलं नाव
कोपराखाली टोचत राहतं.
फळा पुसायचा नाही, ही शिपाईकाकांची अट;
म्हणून पट एकेचाळीस, हजर छत्तीस,
आणि खाली आम्ही सात.

पहिल्यांदा आले तेव्हा पिशवीत
वाशीच्या दवाखान्यातले त्याचे कागद,
लग्नातला फोटो,
आणि एक पुडी, चहात घालायची, त्याला न सांगता.
वाटलं होतं, किती घालायची ते इथे विचारता येईल.

दमयंतीबाई म्हणाल्या, कागद राहू द्या.
कधी जेवलात?
मी म्हटलं, सकाळपासून उपाशीच आहेत ते.
त्या म्हणाल्या, तुम्ही.

मला आठवेना.
त्याचं सगळं तोंडपाठ:
तुर्भ्याच्या मार्केटात आज किती गोण्या वाहिल्या,
हप्त्यातले किती घरापर्यंत पोचले,
जिन्यावरच्या पावलांवरून
आज ताट भिरकावणार, की नुसतंच रडणार.
रात्री साडेतीनला गजराशिवाय उठून
नाकाशी बोट धरणं.
माझं म्हणाल, तर मिश्रीची डबी तेवढी माझी.

रबाळ्याची झुबेदा भावाबद्दल बोलली.
प्रधानमास्तर मुलाचं नाव घेईपर्यंत
हातातल्या खडूचं पीठ झालं.
मग माझ्याकडे पाहून सगळे गप्प.
सल्ला कुणीच दिला नाही.
मला चमत्कारिकच वाटलं;
आजवर नळावरची पोरंसुद्धा
मला शहाणपण शिकवून गेलेली.

तो सुटला का? नाही.
मागच्या बुधवारीच सेक्टर पाचच्या गटाराशी सापडला,
एक चप्पल पायात, एक हातात.
पुडी मी मोरीत ओतली, असं गटात सांगितलं.
खरं सांगते, अजून मिठाच्या बरणीमागे आहे.
पुढच्या शनिवारी तेही सांगेन.
किंवा त्याच्या पुढच्या.

काल मात्र नऊ वाजता
एकटीचं पान वाढून घेतलं.
दार लोटलेलं, कान दाराशीच.
पहिला घास चोरल्यासारखा गेला.
दुसऱ्याला कळलं,
आमटीत मीठ कमी पडलंय.