अकरावी ओळ

निवृत्तीच्या आठवड्यात इर्या वॅन्स्का
मला तळघरातल्या जुन्या यंत्रापाशी घेऊन गेली.
ओउलूत फेब्रुवारी. बुटांचा बर्फ वितळून
खुर्चीखाली डबकं.

ही फाईल, ती म्हणाली. सतरा ओळी.
डावीकडे नाव, उजवीकडे आकडा.
जाळ्यांना नद्यांची नावं मीच दिली,
जाळी नद्यांपेक्षा कमी होती तेव्हा.

सिमो. ई. कीमिंकी.

गेटनेटबायनेम नाव घेऊन आत शिरतं,
ओळीमागून ओळ चाचपतं, आकडा आणतं.
आकडा दिला तर नाव आणणारं वेगळं.
सेटनेटएंटला एक दिला की दार उघडं राहतं,
मग लावायचं आपण, आठवणीनं.
आणि उत्तराला पाटी एकच:
दुसरं विचारलंस की पहिलं पुसलं गेलं.
आधी उतरवून घेत जा,
असं म्हणून ती बराच वेळ
पडद्याकडे बघत राहिली.

एप्रिलात मी साफसफाईला बसले.
अकराव्या ओळीशेवटी तिची टीप:
ताउनोचं आहे. असू दे.
ताउनो जाऊन नऊ वर्षं झालेली.
खोडली.

तीन आठवडे कुणाची तक्रार नाही.
मग नदीखात्याच्या पोरानं विचारलं,
बर्फाच्या जाडीचा आलेख कोरा का?
शून्य नाही हं. कोरा.

ताउनोचा प्रोग्राम रोज रात्री तीनला उठून
कीमिंकीला हाक मारत होता.
ओ येत नव्हती.
हातात नल पडलं तर काय करायचं,
तेही त्यानं लिहून ठेवलं होतं:
गुपचूप परत ये, कुणाची झोप मोडू नकोस.

ओळ परत घातली. पहाटे पहिला आकडा आला,
शून्य. बर्फ गेलेला.
नदी नेमकी कधी फुटली
ते आता कुठल्याच यंत्राला ठाऊक नव्हतं.

इर्याला फोन केला. काठावरच राहते ती.
ओरडेल म्हणून आधी हवापाण्याचं बोलले,
मग सांगितलं, कीमिंकी.
दहा पॉइंट चौदा, ती म्हणाली, झोपेतून उठवल्यासारखी.
आणि मग,
एकोणतीस तारीख. पहाटे साडेचारच्या सुमारास.
आधी मला वाटलं कुणी कपाट पाडलं.

टिपेच्या शेजारी तेवढं लिहून ठेवलं,
तारीख, वेळ, कपाट.